पंचकर्माला जाताय? रजा परतल्यानंतरच्या दिवसांचीही काढा

शेवंती (ठाणे)

दर पावसाळ्यात या मंचावर विचारणा होते, ‘केरळला पंचकर्माला जायचंय, चांगलं ठिकाण सुचवा’, आणि खाली पाच-सहा रिसॉर्टांची नावं येतात. मी ठिकाणाचं नाव सांगणार नाही. मला बोलायचंय ते जाण्याआधीच्या आणि परतल्यानंतरच्या दिवसांबद्दल. माझा पहिला मुक्काम त्या दिवसांपायी वाया गेला आणि दुसरा त्यांच्यामुळेच कामी आला.

पहिल्यांदा २०१८ मध्ये गेले. पाच दिवसांचं ‘संपूर्ण डिटॉक्स’ पॅकेज. पोचले त्या दुपारीच अंगाला तेल, दुसऱ्या दिवशी शिरोधारा (कपाळावर तेलाची संथ धार), चौथ्या दिवशी पहाटे रेचक. त्याआधी तूप पाजलं नाही, रोजच्या गोळ्या कोणत्या हे कुणी विचारलं नाही. पाचव्या दिवशी विमान, सहाव्या दिवशी सकाळची लोकल आणि दुपारी ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचे सामोसे. पुढचे पंधरा दिवस पोट ताळ्यावर नव्हतं. जिना चढताना पाय भरून यायचे.

गेल्या वर्षी पुन्हा गेले, ते अंगावर सतत पित्त उठायचं म्हणून. शोरनूरजवळ भारतपुळेच्या काठी, कर्किडक महिन्यात. हा साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. केरळात हा औषधाचा महिना मानतात. घरोघरी औषधी कंजी (पेज) शिजते, संध्याकाळी दिव्यापाशी रामायण वाचतात. केंद्राशेजारच्या घरातून रोज तो सूर ऐकू यायचा.

या वेळी तिथल्या वैद्यांनी फोनवरच पाऊण तास चौकशी केली. थायरॉइडची गोळी किती, पाळीच्या तारखा काय, पित्ताशयात खडे आहेत का, शेवटची रक्त तपासणी कधीची. सोनोग्राफी करून पाठवा म्हणाले, कारण रोज वाढतं तूप प्यायचं होतं. मुक्कामाच्या तारखाही पाळी सांभाळून ठरवल्या. दिवसाचे पाच कप चहा होते माझे, ते महिनाभर आधीपासून एकेक करून कमी करायला लावले. ही सूचना मला सगळ्यांत मोलाची वाटली. चहा एकदम तोडला की दोन-तीन दिवस डोकं ठणकतं, आणि तिथे बसून आपल्याला वाटतं की ‘विष बाहेर पडतंय’. माझ्या शेजारच्या खोलीतल्या बाईंचं नेमकं तेच झालं.

आता दिवसांचा हिशोब. पहिले चार दिवस दीपन-पाचन, म्हणजे भूक चेतवायची औषधं आणि हलकं जेवण. मग पाच दिवस स्नेहपान. पहिल्या सकाळी सहा वाजता ३० मिली औषधी तूप, रोज वाढवत पाचव्या दिवशी १५०. वर फक्त सुंठीचं गरम पाणी, आणि कडकडून भूक लागेपर्यंत काही खायचं नाही. पहिल्या दिवशी अकरालाच भूक लागली, पाचव्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले. त्या दिवशी तुपाच्या वासानेच मळमळायला लागलं. मी घाबरले, तर वैद्य म्हणाले, आता पुरे, हीच खूण हवी होती. मग तीन दिवस अभ्यंग आणि वाफ, आणि तेराव्या दिवशी विरेचन, म्हणजे औषधाने जुलाब करवून पोट साफ करणं. वेग, म्हणजे किती वेळा जुलाब झाले ते, मोजून लिहायचे असतात. दहा म्हणजे हलकी शुद्धी, वीस मध्यम, तीस उत्तम असा ग्रंथातला हिशोब आहे. माझे सतरा झाले. वैद्यांनी मध्यम धरून पाच दिवसांचा संसर्जन क्रम लावला: पेज, मग मऊ भात, मग मुगाचं कढण, असं पायरीपायरीने नेहमीच्या जेवणापर्यंत. त्यानंतर तीन दिवस नुसती विश्रांती.

म्हणजे एका दिवसाच्या विरेचनासाठी एकवीस दिवस. पाच दिवसांत यातलं काय बसणार, ते तुम्हीच बघा.

परतताना नेत्रावती एक्स्प्रेसने आले, खालचा बर्थ, झोपून. ठाण्यात आल्यावर आणखी दोन आठवडे रजा होती. वैद्यांनी चरकसंहितेतल्या आठ टाळायच्या गोष्टी कागदावर लिहून दिल्या होत्या. मोठ्याने किंवा फार बोलणं, गाडीचे हिसके, फार चालणं, फार बसून राहणं, आधीचं पचलेलं नसताना जेवणं, न मानवणारं खाणं, दिवसा झोप आणि मैथुन. शहरातली नोकरी म्हणजे यातल्या निम्म्या गोष्टी रोज करणं. तिकडे या पथ्याच्या दिवसांना ‘नल्लिरिक्का’ म्हणतात, आणि जुनी माणसं उपचाराइतकेच हे दिवस कसोशीने पाळतात. माझी कळकळीची विनंती एवढीच आहे की रजेचा अर्ज करताना हे दिवस त्यात धरा. एवढी रजा मिळत नसेल तर तिकडचे दिवस कमी करा आणि सौम्य उपचार घ्या, पण घरचे दिवस कापू नका.

फरक काय पडला? पूर्वी आठवड्याला एकदा तरी पित्त उठायचं. गेल्या दहा महिन्यांत दोनदा उठलं. विरेचनाने, वेळेवर जेवल्याने की रात्री दहाला झोपल्याने, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. तुमचे अनुभव सांगा.

केल्याने_देशाटन

ताई, फार उपयोगी लिहिलंत. माझी अडचण अशी की सलग चारच दिवस रजा मिळते. मग जाऊच नये का?

शेवंती

जा की. पण वमन (औषधाने उलटी करवणं), विरेचन घेऊ नका. अभ्यंग, वाफ, शिरोधारा, वेळेवर साधं जेवण आणि फोन बंद. चार दिवसांत माणूस खरंच ताजातवाना होतो. फक्त ते पंचकर्म झालं असं समजू नका, आणि शेवटच्या दिवशी कुणी ‘पोट साफ करायचं औषध’ पुढे केलं तर नको म्हणा.

निर्गुंडी (वैद्य, नाशिक)

शेवंतीताईंच्या शब्दाशब्दाशी सहमत. वीस वर्षं हेच रुग्णांना सांगतोय. तेल लावणं आणि वाफ देणं ही पूर्वकर्मं आहेत. जमीन नांगरली म्हणजे पेरणी झाली असं होत नाही. वमन, विरेचन, बस्ती (गुदमार्गे तेल किंवा काढा देणं), नस्य (नाकात औषध घालणं) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच कर्मं, आणि ती पाचही एकाच माणसाला एकाच मुक्कामात द्यायची नसतात. कुठल्या दोषासाठी कुठलं कर्म हे ठरवणं हाच वैद्याचा खरा कस. म्हणून बुकिंग करण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘मला कुठलं कर्म देणार आणि का?’ उत्तरात पॅकेजचं नाव आलं, तर तिथे वैद्याऐवजी विक्री विभाग बोलतोय हे ओळखा.

निरोगी माणसाने ऋतूप्रमाणे करायचं तर वसंतात वमन, वर्षेत बस्ती, शरदात विरेचन. रोग असेल तर ऋतूपेक्षा रोगाची अवस्था पाहून वैद्य ठरवतो, म्हणून ताईंना पावसाळ्यात विरेचन दिलं यात चूक नाही. बस्तीचाही हिशोब असतो. सर्वांत छोटा क्रम, योगबस्ती, आठ बस्तींचा: पाच तेलाच्या, तीन काढ्याच्या. कालबस्तीत सोळा, कर्मबस्तीत तीस. ‘दोन बस्ती मोफत’ अशी जाहिरात मी स्वतः पाहिली आहे. वाचून फार वाईट वाटलं.

वैद्याची नोंदणी विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. रुग्णालयाला एनएबीएचचं (रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) आयुष मानांकन आहे का, तेही विचारा. एक गोष्ट डोळ्यांनी बघा: वमनाच्या किंवा विरेचनाच्या दिवशी नाडी आणि रक्तदाब कोण पाहतं? तिथे वैद्य हजर नसेल तर ते कर्म करू नका.

ओंजळ (एमडी मेडिसिन)

मी आधुनिक वैद्यकाची डॉक्टर आहे. या धाग्यावर भांडायला आलेले नाही, माझे बरेच रुग्ण अशा ठिकाणी जातात म्हणून लिहिते.

‘डिटॉक्स’ हा शब्द मला खटकतो. यकृत आणि मूत्रपिंडं ते काम अहोरात्र करत असतात, आणि पॅकेजवाले ज्याला ‘टॉक्सिन’ म्हणतात ते नेमकं कोणतं द्रव्य, हे कुणी मोजून दाखवत नाही. पण तीन आठवडे दारू नाही, तळलेलं नाही, जागरण नाही, यातून माणसाला बरं वाटतं हे मी नाकारणार नाही.

माझी काळजी गोळ्यांची आहे. मधुमेही माणूस ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू ठेवून संध्याकाळपर्यंत उपाशी राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना उपास आणि जुलाब एकत्र आले तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेव्हा साखर फार वाढलेली नसल्याने ते लवकर लक्षातही येत नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्याचं सोडियम-पोटॅशियम वीस जुलाबांनी घसरतं. हृदयविकार असेल तर वाफेच्या पेटीत बसण्याआधी विचारा. आणि कुठलीही गोळी आपल्या मनाने किंवा केंद्राच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. जाण्याआधी तुमच्या डॉक्टरला तारखा सांगा, कोणत्या दिवशी कोणता डोस हे लिहून घ्या आणि तो कागद तिथल्या वैद्यांना द्या.

दुसरं, बरोबर दिलेली औषधं. बॉस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अभ्यास २००४ मध्ये अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. म्हणून पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका, आणि गरोदरपणात किंवा मूल हवं असताना तर अजिबात नको.

निर्गुंडी (वैद्य, नाशिक)

डॉक्टर, गोळ्यांचा कागद ही सूचना मी माझ्या दवाखान्यात आजपासून लावतो. औषधांबद्दल माझंही मत हेच. रसौषधी आणि भस्मं (पारा, धातू यांपासून केलेली औषधं) शास्त्रोक्त शोधन-मारण, म्हणजे शुद्ध करून आणि जाळून भस्म करून, वैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक काळच द्यायची असतात. बिनलेबलची पुडी कुणी दिली तर ती परत करा. त्यात भस्म आहे का, हे विचारायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. ‘आम’ म्हणजे ‘टॉक्सिन’ हे भाषांतरही मला मान्य नाही. ‘आम’ ही कल्पना न पचलेल्या अन्नरसाची आहे. त्या इंग्रजी शब्दाने दोन्हीकडे गैरसमज वाढवलेत.

दगडफूल

माझी आई ६७ वर्षांची, गुडघे फार दुखतात, मधुमेह आहे, दोन गोळ्या चालू. भावाने तिच्यासाठी केरळचं चौदा दिवसांचं बुकिंग करायचं ठरवलंय. वरचं वाचून धास्ती वाटते. ती एकटी कधी राहिलेली नाही, आणि भाषेचाही प्रश्न आहे.

निर्गुंडी (वैद्य, नाशिक)

तपासल्याशिवाय पक्कं बोलणार नाही, पण या वयात गुडघ्यांसाठी तूप पाजून विरेचन हा पहिला विचार नसतो. जानुबस्ती (गुडघ्यावर कोमट तेल साठवून ठेवणं), पत्रपोट्टली (औषधी पानांच्या पुरचुंडीने शेक) आणि थोड्या तेलाची मात्राबस्ती यांनी पुष्कळदा काम भागतं. मात्राबस्तीला फारसं पथ्यही लागत नाही. हे घरी राहून, रोज बाह्यरुग्ण विभागात जाऊन होतं. तुम्ही कुठे राहता? पुण्यात रास्ता पेठेतलं ताराचंद रामनाथ रुग्णालय, मुंबईत वरळीचं पोदार, अशी महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं आहेत. तिथे बाग नाही, नदीकाठ नाही, सकाळी रांगेत बसावं लागतं. पण तपासणारे शिक्षक आहेत आणि आईशी मराठीत बोलणारं माणूस आहे. दुखणं कुठे आहे, कसं आहे, हे आपल्या भाषेत सांगता येणं हा उपचाराचाच भाग आहे.

दगडफूल

पुण्यातच आहोत. खूप आभार. भावाला हा धागा पाठवतो.

सांजवारा

शेवंतीताई, तिथे दिवसभर वेळ कसा जातो? मी एक आठवडा राहिले होते, तिसऱ्या दिवशी खोली खायला उठली. दुपारी झोपूही देत नाहीत.

शेवंती

दुपारची झोप तूप चालू असताना तर नकोच, जडपणा येतो. वेळ जातच नाही, हे खरं आहे. पहिले चार दिवस मी सारखी फोन शोधत होते. मी दोन गोष्टी केल्या. रोज एक पान हाताने लिहिलं: भूक कधी लागली, झोप कशी झाली, पोट कसं आहे, मन कसं आहे. ते पान सकाळी वैद्यांसमोर ठेवलं की ‘बरी आहे’ असं तोंडदेखलं उत्तर देताच येत नाही, आणि त्यावरून त्यांनी दोनदा माझं औषध बदललं. मुक्कामातून सगळ्यांत जास्त काय मिळवायचं असेल तर ते हे: वैद्यांशी रोज खरं आणि नेमकं बोला. अंगाला तेल लावणाऱ्या मुलींशीही बोला. एका हाताचा दाब जास्त लागतोय, तेल गार झालंय, हे त्यांना सांगितलंच पाहिजे. मी पहिल्यांदा संकोचाने गार तेल अंगावर सोसलं होतं.

दुसरं म्हणजे विणकाम. आजीने शिकवलेलं, तीस वर्षांनी पुन्हा हातात घेतलं.

आणि न्हाल्यावर टाळूवर रास्नादि चूर्ण चोळतात ना, ते घरी आणलं. पावसात केस ओले झाले की अजून लावते.

एल्बेकाठ (हॅम्बर्ग)

आम्हाला भारतात यायला मिळतं ते डिसेंबरात, मुलांच्या सुट्टीत. तीन आठवड्यांत सासर, माहेर, दोन लग्नं आणि मधे कुठेतरी पंचकर्म. गेल्या खेपेला उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. जेट लॅगमुळे भूक रात्री दोन वाजता लागायची आणि वैद्यांना काही ठरवताच येईना. मग परत नऊ तासांचं विमान, उणे चार तापमान आणि घरी फ्रीजमध्ये ब्रेड. महिनाभर थकवा होता.

या वर्षी मी एकटी आले, फेब्रुवारीत. पाच दिवस रत्नागिरीला आईकडे, मग चौदा दिवस कोल्हापुरात बस्तीचा क्रम, मग पुन्हा दोन आठवडे आईकडे. ते दोन आठवडे आयुष्यभर लक्षात राहतील. आई रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज द्यायची, वर चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप. लहानपणी तापातून उठल्यावर द्यायची तशीच. केंद्रात याच पेजेसाठी पितळी वाटी आणि संस्कृत नाव होतं. परदेशातल्या मैत्रिणींना सांगेन, परतीचं तिकीट उपचार संपल्यानंतर किमान दहा-बारा दिवसांनी काढा. ते दिवस नातेवाइकांच्या भेटींनी भरू नका. लोक रागावतात. माझी मावशी रागावली. पण आईने तिला फोनवर समजावलं, आणि मावशी स्वतःच मुगाचं कढण घेऊन भेटायला आली.

नदीकाठ

खर्चाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. आरोग्य विम्यात आयुष उपचार धरलेले असतात, पण त्यासाठी रोगाचं निदान आणि मान्य आयुष रुग्णालयात भरती लागते. रिसॉर्टमधला किंवा नुसत्या विश्रांतीसाठीचा मुक्काम त्यात बसत नाही. माझा दावा याच कारणाने नाकारला गेला. आधी कंपनीला लेखी विचारा.

आणखी एक. उरळी कांचनचा आश्रम किंवा तशी ठिकाणं निसर्गोपचाराची आहेत, पंचकर्माची नव्हेत. माती, पाणी, उपास ही पद्धत वेगळी आणि तिचा उपयोगही वेगळा. आमच्या घरी दोन्हींची गल्लत झाली होती आणि काका तिथे जाऊन ‘तूप कधी पाजणार’ विचारत राहिले.

केल्याने_देशाटन (तीन महिन्यांनंतर)

धागा वर काढतोय. तेव्हा चार दिवस रजा म्हणालो होतो. घरी बोललो, साहेबांशी बोललो आणि ऑक्टोबरात सलग चार आठवडे मिळाले. नाशिकलाच केलं. जाण्याआधी रक्त तपासणी, चहा सहावरून एकावर, रक्तदाबाच्या गोळ्यांचा कागद डॉक्टरांकडून लिहून घेतला. सात दिवस तूप, मधले तीन दिवस अभ्यंग आणि वाफ, परवा विरेचन झालं, एकोणीस वेग. कालपासून घरी आहे.

आज तिसरा दिवस. परवा रात्री आणि काल दुपारी पेज, काल रात्री आणि आज दुपारी मऊ भात. एवढी स्वच्छ भूक मला शाळा सुटल्यानंतर लागली नसेल. बायकोने एक वाटी तांदळाला चौदा वाट्या पाणी घालून पेज केली, भाताला चार. आता रात्री मुगाचं कढण आहे आणि मुलांसाठी शेजारच्या शेगडीवर वरणाला लसणाची फोडणी पडलीय. वैद्यांचा फोन लागत नाही. कढणात थोडं मीठ आणि जिरं घातलं तर चालेल का?

शेवंती

आजची वेळ अळणीच घ्या, गरम, घोट घोट. मला उद्या दुपारपासून तूप-जिऱ्याची फोडणी आणि सैंधव सांगितलं होतं, पण सकाळी वैद्यांना विचारूनच घाला. आणि फोडणीच्या वासाचं म्हणाल तर गच्चीत जाऊन बसा, मी तेच करायचे.

निर्गुंडी (वैद्य, नाशिक)

ताईंनी बरोबर सांगितलंय. उद्या फोडणीत हिंग अगदी थोडा. लसूण आणखी चार दिवस नको.